मिरकाबची फायनल

आमचा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आणि दुसऱ्या वर्षी त्याला फुटबॉलचं वेड लागलं. फुटबॉल म्हणजे आपला पायांनी खेळायचा नव्हे. तिकडे हेल्मेट घातलेले दांडगे मुलगे लांबोडका चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळतात, त्याला फुटबॉल म्हणतात. हाच मुलगा कुवेतमध्ये शाळेत असताना पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून माझ्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायचा. आता तो ‘आम्ही जिंकलो’, ‘आम्ही हरलो’ असं बोलतो. हा ‘आम्ही’ म्हणजे होस्टेलच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर चिप्स खात बसलेला.

रविवार इथे कुवेतमध्ये कामाचा दिवस. मी जाब्रियातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. सकाळी मी डबे भरत असते तेव्हा तिकडचा शनिवारचा सामना नुकताच संपलेला असतो आणि फोन वाजतो. सुरुवातीला मी नुसतं हं हं करायचे. पण हळूहळू मला त्यातली एक गोष्ट आवडायला लागली, ती म्हणजे विजेता कसा ठरवायचा यावरून चालणारं भांडण.

तिकडे म्हणे शंभरावर विद्यापीठांचे मोठे संघ आहेत. मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला डझनभर सामने येतात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं तर मुलं म्हातारी होतील. मग देशातला सगळ्यात चांगला संघ कोणता? पूर्वी वार्ताहर आणि प्रशिक्षक मतं द्यायचे, आणि कधीकधी त्यांचं एकमेकांशी जुळायचं नाही, मग एकाच वर्षी दोन राष्ट्रीय विजेते. नंतर कॉम्प्युटरची मदत घेऊन पहिले दोन संघ काढायला लागले आणि त्यांचा सामना लावायला लागले. मग दोनाचे चार झाले. आता एक समिती बंद खोलीत बसून बारा संघ ठरवते आणि ते बारा आपापसात खेळतात. दरवेळी सुधारणा झाली आणि दरवेळी बोंब तेवढीच राहिली.

एका डिसेंबरात मुलाचा संघ तेरावा आला. मोसमात एकच सामना हरले होते, तोही एका बलाढ्य संघाशी. बाराव्या जागेवर मात्र समितीनं असा संघ घेतला जो एकदाही हरला नव्हता.

“आई, इट्स अ जोक. दे प्लेड नोबडी.”

“नोबडी म्हणजे कोण?”

“वीक टीम्स! किड्सशी खेळून जिंकले. आम्ही रिअल टीमशी हरलो.”

“अरे, पण समोर जे आले त्यांना हरवलं ना त्यांनी? समोर कोण यावं हे त्यांच्या हातात होतं का?”

“यू डोन्ट गेट इट, आई.”

मला समजलं होतं. मला फक्त ते पटत नव्हतं. लॅबमध्ये आम्ही हिमोग्लोबिन किती आहे यावर चर्चा करत नाही, रक्त मशीनला लावतो. तसं मैदानावर जे झालं ते झालं, खोलीत बसलेल्यांनी त्यात आपलं डोकं कशाला चालवायचं, असं माझं स्वच्छ मत होतं. ते मी त्याला ऐकवलं, आणि पुढे इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये, लग्नांमध्ये, जिथे कुणी ऐकेल तिथे ऐकवत राहिले. त्याचं फळ मला जानेवारीत मिळालं. मंडळाच्या अध्यक्षांनी मला बायकांच्या थ्रोबॉल स्पर्धेच्या निवड समितीवर घेतलं.

थ्रोबॉल व्हॉलीबॉलसारखाच, फक्त चेंडू मारायचा नाही. दोन्ही हातांनी झेलायचा आणि तीन सेकंदांच्या आत जाळीपलीकडे फेकायचा. अंगाला लागला किंवा जास्त वेळ हातात राहिला की गुण गेला. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचे गुडघे सांभाळून खेळता येईल असा हा खेळ, आणि आमच्या बायका तो जिवाच्या आकांतानं खेळतात. सालमिया, मंगफ, फाहाहील, अब्बासिया असे राहत्या भागांप्रमाणे आठ संघ. एका शाळेचा हॉल आम्हाला दोन शुक्रवार मिळतो, तोही फक्त सकाळचा. जुम्म्याच्या नमाजाआधी शाळेचा रखवालदार, ज्याला इथे सगळे हारिस म्हणतात, तो किल्ल्या खुळखुळवत दारात येऊन उभा राहतो. त्यामुळे पहिल्या शुक्रवारी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक संघाला तीन सामने. दुसऱ्या शुक्रवारी थेट फायनल, कारण उरलेला वेळ भाषणं, बक्षिसं आणि मुलांची नाचगाणी यांना लागतो. फायनलला कोणते दोन संघ जाणार, हे तिघांची समिती ठरवते. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पहिला शुक्रवार झाला. सालमियानं तीनही सामने जिंकले आणि चांगल्या संघांशी जिंकले, त्यांच्याबद्दल वादच नव्हता. अडचण दुसऱ्या जागेची होती. मिरकाबनंही तीनही जिंकले होते, पण चिठ्ठ्यांनी त्यांच्या वाट्याला तीन लिंबूटिंबू संघ आले होते. मंगफनं दोन जिंकले आणि एक सालमियाशी अगदी थोडक्यात हरल्या. मी मुलाचंच भांडण माझ्या पुढ्यात वाढून ठेवलेलं बघत होते.

मिरकाबच्या संघाबद्दल सांगायला हवं. तिथल्या जुन्या इमारतींमध्ये रत्नागिरी-रायगडकडची बरीच मुसलमान कुटुंबं राहतात. कुणाचे नवरे दुकानांत, कुणाचे कार्गोच्या धंद्यात. त्यांच्या बायका पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेले स्कार्फ घालून खेळतात. त्यांची कॅप्टन माझ्या चांगल्या ओळखीची. सासू इथे होती तेव्हा तिच्या मधुमेहासाठी ती तिला घेऊन आमच्या लॅबमध्ये यायची, म्हातारी सुईला घाबरायची आणि ही तिला गावाकडच्या गोष्टी सांगून गुंतवून ठेवायची. शाळेत खो-खो खेळलेली, चपळ, अंगानं सडसडीत. पण आमच्या मंडळात मिरकाबचं नाव निघायचं ते खेळावरून नाही. त्या नारळाच्या दुधातली सांदणं करून आणतात, पांढरीशुभ्र, स्पंजासारखी. दरवर्षी समारोपाच्या भाषणात अध्यक्ष म्हणणार, मिरकाबच्या सांदणांशिवाय आपला मेळावा पुरा होत नाही. टाळ्या. सामन्यांत त्या कितव्या आल्या हे कुणाच्या लक्षातही राहायचं नाही.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द होणार होता आणि फेब्रुवारीत सगळं कुटुंब कायमचं गावी परतणार होतं. स्पर्धेच्या थोडं आधी ती तपासणीचा कागद न्यायला आली तेव्हा काउंटरपाशी मला म्हणाली, “ताई, इतकी वर्सं खेळलो. एकदा फायनल खेळून जायचंय मला. सांदणं चांगली करतात असं नाय, चांगल्या खेळतात असं लोकांनी म्हणलं पायजे.”

मी म्हटलं, “मग जिंका की सगळे सामने.”

आणि त्या जिंकल्या.

समितीची बैठक खैरानला झाली. पहिल्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाची पिकनिक होती, समुद्राकाठी एक शॅले, म्हणजे सुट्टीपुरतं घर, भाड्यानं घेतलं होतं. जानेवारीत तिथला वारा चांगलाच बोचतो. आम्ही तिघं गच्चीवर कानटोप्या आणि शाली गुंडाळून बसलो, खाली मिसळीला फोडणी बसल्याचा वास येत होता. अध्यक्ष, मी, आणि तिसरे तेल कंपनीतले पुण्याचे एक इंजिनिअर. त्यांनी लॅपटॉप आणला होता. त्यांच्या एक्सेलमध्ये प्रत्येक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीप्रमाणे गुण दिलेले होते, रंगीत. त्यात मंगफ वर होती.

“भावना बाजूला ठेवल्या तर मंगफच येते,” ते म्हणाले.

मी माझं नेहमीचं म्हणणं मांडलं. जे समोर आले त्यांना मिरकाबनं हरवलं. आणि नुसतं हरवलं नाही, मी तिन्ही सामने उभं राहून बघितले होते. त्यांचे झेल फार पक्के होते, चेंडू क्वचितच सुटायचा, आणि कोर्टावर जागा कशी भरायची ते त्यांना कळत होतं. मला मनापासून वाटत होतं की मंगफशी गाठ पडली तरी मिरकाबच जिंकेल. इंजिनिअर मान हलवत होते, पण ती नकाराची मान होती.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “अहो, ती कॅप्टन तर कायमची चालली ना गावी? शेवटचंच वर्ष बिचारीचं.”

“असं का?” इंजिनिअर म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. “मग होऊन जाऊ दे. मंगफ काय, पुढच्या वर्षी आहेच.”

मला जे हवं होतं ते झालं होतं. तरी मला ते आवडलं नाही. मी म्हटलंसुद्धा, की ती जातेय म्हणून नको, त्या खेळल्या म्हणून द्या. अध्यक्ष म्हणाले, “कशावरूनही दिलं तरी मिरकाबच ना? सर्वानुमते लिहू या.” आमच्या मंडळात सगळं सर्वानुमतेच होतं. तीन माणसं तीन वेगळ्या कारणांनी किंवा कारणाशिवाय हो म्हणाली तरी ते सर्वानुमते. खालून मिसळ तयार असल्याची हाक आली आणि आम्ही उठलो.

रविवारी ग्रुपवर जाहीर झालं. मंगफच्या बायकांनी अंगठे वर केले, एकीनं तर हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. मिरकाबवाल्या त्या आठवड्यात रोज संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर सराव करत होत्या. कॅप्टननं मला व्हिडिओ पाठवला. दोन पाण्याच्या टाक्यांना दोरी बांधली होती आणि तिची जाऊ दोरीपलीकडून दात-ओठ खाऊन चेंडू फेकत होती. खाली तिनं लिहिलं होतं, “सालमियाला सांगा, येतो आमी.”

दुसऱ्या शुक्रवारी हॉल भरला होता. फायनलच्या आधी अध्यक्षांनी माइक घेतला. माणूस मनानं फार चांगला, पण हातात माइक आला की त्यांना समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा सत्कार करावासा वाटतो. ते म्हणाले, “आपल्या मिरकाबच्या कॅप्टन भगिनी आता कायमच्या मायदेशी चालल्या आहेत. इतकी वर्षं त्यांच्या संघानं आपल्याला प्रेमानं सांदणं खाऊ घातली. म्हणून निवड समितीनं सर्वानुमते ही फायनल त्यांना निरोपाची भेट म्हणून दिली आहे!”

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मला त्यांच्या हातातला माइक हिसकावून घ्यावासा वाटला. मिरकाबच्या बायका जाळीपाशी ओळीनं उभ्या होत्या. काही जणी हसून मान लववत होत्या, कारण टाळ्या वाजल्या की आपण तसं करतो. कॅप्टन हसत नव्हती. ती सरळ माझ्याकडे चालत आली.

“ताई, भेट म्हंजे? आमी चांगल्या खेळलो म्हणून नाय?”

तिला खोटं सांगणं सोपं होतं. अध्यक्षांना बोलायची सवय आहे, तू मनावर घेऊ नकोस, एवढं म्हटलं असतं तर ती कदाचित परत गेलीही असती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला जमलं नाही.

“तिघांपैकी दोघांनी तू जातेयस म्हणून दिलं,” मी म्हटलं. “मी खेळावर दिलं.”

“आन त्या दोघांचं खेळावर काय म्हणनं हुतं?”

“एकाचं मंगफ. दुसऱ्यांनी खेळाचं काही काढलंच नाही.”

ती वळली आणि प्रेक्षकांत बसलेल्या मंगफच्या बायकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बोलवा त्यांना. आदी त्यांच्याशी खेळतो. जिंकलो तर फायनल आमची.”

तिची जाऊ धावत आली. “येडी हायस काय? हातात आलेली फायनल कोन सोडतं?”

“हातात कुटं आली? वाटीत घालून दिलीय.”

जाऊ आणखी काही बोलणार होती, पण ही तोवर बाह्या सारख्या करत जाळीकडे निघाली होती.

मग गोंधळ सुरू झाला. अध्यक्ष म्हणाले, आता असं कसं, सर्वानुमते ठरलंय. इंजिनिअर घड्याळ बघून म्हणाले, दोन सामने बसणार नाहीत, हारिस येईल. मी म्हटलं, “समारोपाचं भाषण काढून टाका, बसतील.” हे मी जरा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा पडला, पण ते हटून बसले नाहीत. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मंगफच्या बायका समारंभाच्या कपड्यांत आलेल्या. त्यांची कॅप्टन एका शाळेत गणित शिकवते, ती नव्या कोऱ्या सिल्कच्या कुर्त्यात होती आणि तिनं कुणाचे तरी बूट मागून घातले, एक नंबर मोठे. दुसरीनं बांगड्या काढून नवऱ्याच्या खिशात टाकल्या. कुणीही नाही म्हणालं नाही. त्यांनाही आठवडाभर तेच सलत होतं. पंधरा गुणांचा एकच सेट खेळायचं ठरलं.

मला तो सामना सगळा आठवतो आणि सांगायला गेले की नीट सांगता येत नाही. मिरकाबनं सुरुवात चांगली केली, पाच-एक अशी. सरावाचा फायदा दिसत होता. मी इंजिनिअरांकडे बघितलं, मुद्दाम. मग मंगफच्या गणिताच्या बाईंना सूर सापडला. त्या चेंडू जोरात फेकत नव्हत्या, त्या तो अशा ठिकाणी टाकायच्या की दोन बायकांना वाटावं दुसरी घेईल. मिरकाबवाल्या आतापर्यंत ज्यांच्याशी खेळल्या होत्या त्यांपैकी कुणी असं केलं नव्हतं. पहिल्यांदा चेंडू दोघींच्या मधे पडला तेव्हा मला वाटलं, नजरचूक. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कळलं, ही नजरचूक नव्हे.

बरोबरी झाली. तिथून एक इकडे, एक तिकडे. मी समितीची सदस्य होते, मला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती, आणि मी मुठी आवळून मिरकाब, मिरकाब म्हणत होते. मैदानानं ठरवावं हे माझं म्हणणं मी महिनाभर जगाला सुनावलं होतं. त्या क्षणी मला कळलं की मैदानानं मिरकाबच्या बाजूनं ठरवावं एवढंच मला हवं होतं.

तेरा-तेरावर कॅप्टनच्या हातात चेंडू आला. तिनं फेकण्यासाठी हात उचलला, समोरची जागा भरलेली दिसली, दुसरीकडे वळली, तिथेही गणिताच्या बाई उभ्या. शिट्टी वाजली. तीन सेकंद उलटून गेले होते. पुढचा चेंडू पुन्हा दोघींच्या मधे पडला आणि सामना संपला.

मिरकाबच्या दोघी-तिघी रडल्या. जाऊ तर उघड उघड तिला बोलत होती, सांगितलं हुतं, सांगितलं हुतं. कॅप्टननं जाळीखालून वाकून जाऊन मंगफच्या बाईंचे दोन्ही हात धरले. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण गणिताच्या बाई हातांनी हवेत कोर्ट काढून तिला काहीतरी दाखवत होत्या आणि ही डोकं हलवत ऐकत होती. चेंडू दोघींच्या मधे का पडत होता, ते असणार.

मला तिच्यासमोर जायचं धैर्य होईना. मी खरं सांगितलं नसतं तर ती त्या घटकेला फायनल खेळत असती. सालमियाशी हरली असती तरी फायनल खेळून गावी गेली असती. कुणाला खरं सांगून आपण त्याचं भलं करतो असं मानणाऱ्यांतली मी आहे, आणि तेव्हा मला त्या स्वभावाचा मनापासून राग आला. मी खुर्च्या सरळ करायला लागले, ज्या सरळच होत्या.

ती स्वतःच आली. चेहरा लाल झालेला, स्कार्फ घामानं भिजलेला.

“ताई, तुमी खेळावर मत दिलं हुतं ना?”

“हो गं.”

“मंग तुमी चुकलात. त्या आमच्यापेक्षा चांगल्या हायत. लई चांगल्या.”

मला वाईट वाटलं असं मी म्हणाले.

“वाईट कशाला?” ती म्हणाली. आणि खरंच, तिच्या तोंडावर समाधान होतं. “चुकलात तर चुकलात. पण खेळ बगून चुकलात ना?”

मी हो म्हटलं. तिनं माझा दंड जोरात दाबला आणि फायनल बघायला मंगफच्या बाजूला जाऊन बसली.